दादांच्या फोटोतले चाळीस जादा आकडे

सन्माननीय अध्यक्ष महोदय, मंचावरचे आमचे साहेब, ज्यांना आज निरोप द्यायचा त्या संगणकाच्या ताई, आणि चहाकडे डोळे लावून बसलेल्या बंधू-भगिनींनो,

मी सातवी शिकलेला माणूस. रेकॉर्ड खोलीत एकतीस वर्षं कागद सांभाळले, भाषण कधी केलं नाही. मागे ऐकू येतंय ना? बरं.

ताईंना जुन्या कामगारांच्या ओळखपत्रांवरचे फोटो साफ करायचं काम मिळालं. पण त्यांच्या पडद्यावर फोटो दिसायचाच नाही. काळा पडदा आणि नुसते आकडे. फोटो म्हणजे ओळीने मांडलेले ठिपके, ठिपका काळा तर शून्य, उजळ तर मोठा आकडा, असं त्या सांगायच्या. मग एक ओळ टाइप करायच्या, अमक्यापासून तमक्यापर्यंतचे आकडे बदल, की बुरशीचा डाग गेला म्हणे. पण डागाबरोबर आणखी काय गेलं, हे कुणी पाहिलं? डोळे मिटून वस्तरा चालवणाऱ्यापुढे तुम्ही गाल द्याल का?

त्यात आमच्या दादांचा फोटो होता. माझे थोरले भाऊ, इथेच फिटर होते. आता नाहीत. घरात त्यांचा दुसरा फोटो नाही. वहिनी रोज विचारायच्या, झाला का भावोजी? माझा जीव टांगणीला.

म्हणून एकदा ताई जेवायला गेल्या असताना मी दादांची फाइल उघडून तपासली. चाळीस पानं आकडे. आता आमच्या खोलीचा नियम तुम्हाला ठाऊक आहे, तपासलेल्या पानावर क्रमांक पडलाच पाहिजे. मी टाकला. एक ते चाळीस, प्रत्येक पानाच्या डोक्यावर. बंद करताना पडद्याने विचारलं, बदल ठेवू का? म्हटलं, ठेव.

दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. कपाळ जागेवर आणि हनुवटी खांद्यावर. वहिनींनी तोंड फिरवलं. मी त्याच दुपारी साहेबांकडे लेखी तक्रार दिली, या बाई फोटो बिघडवतात म्हणून.

ताईंनी वाद घातला नाही. मूळ फाइल आणि ही फाइल ताडून फरक दाखवणारी एक ओळ टाइप केली. पडद्यावर जादा आकडे उतरू लागले. एक, दोन, तीन, थेट चाळीस.

"काका, पानं तुम्ही मोजलीत?"

"संगणकाचं काय सांगावं, ताई."

एकेका जादा आकड्याने पुढचे सगळे ठिपके एकेक घर सरकले होते म्हणे. त्यांनी ते चाळीस आकडे काढले, दादा सरळ झाले. हनुवटीवरचा व्रणही शाबूत होता. मी भिंग लावून पाहिला.

ही गोष्ट त्यांनी कुणालाच सांगितली नाही. का सांगितली नाही? यात त्यांचा काय डाव, ते मी तीन महिने शोधतोय. सापडला नाही. माझी तक्रार मात्र साहेबांकडे ताईंच्या नावाच्या फाइलीला लागून राहिली, आणि ताईंचा करार वाढवायची वेळ आली तेव्हा साहेबांनी तीच वाचली. म्हणून आजचा हा समारंभ.

साहेब, तक्रार मागे घेतल्याचा अर्ज मी लिहून आणलाय. खरं काय घडलं तेही त्यात आहे. तुमच्यावर अविश्वास नाही, पण कागद कुठे कुठे जातात ते मी एकतीस वर्षं पाहिलंय. आवकचा शिक्का माझ्या खिशात आहे. सगळ्यांसमोर मारा, मगच मी खाली उतरतो.

ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात काही उणं-अधिक झालं असेल तर अडाण्याचं म्हणून पोटात घाला. आणि ताई, तुम्ही उठू नका. शिक्का बसेपर्यंत निरोप झालेला नाही.