फाटकाच्या आत

हसून राहिलात ना सरकारी अहवालाला? मग ऐका. इंग्रजांच्या काळात मी इथे जबलपुरात एका सरकारी कारखान्यात बाबू होतो. वर्षाचा अहवाल फाटकाबाहेर लोकांना वाचून दाखवायचा, असा नियम होता. साहेबाच्या इंग्रजीचं हिंदी मी करायचो.

एका वर्षी वाचलं, “कारखान्यात अपघाती मृत्यू एकही नाही.” गर्दीतून सखाराम फिटर ओरडला, “काहून जी? माझा भाऊ मशिनीत सापडला, तो काय मग?”

साहेबानं पढवलेलं उत्तर मी दिलं. “भैया, त्याचा जीव दवाखान्यात गेला. फाटकाच्या आत मरतो तोच अहवालात येतो.”

“अच्छा,” म्हणाला आणि गेला.

पुढच्या वर्षी सखारामच्याच अंगावर लोखंडी गर्डर पडला. आम्ही त्याला खाटेवर घालून टांग्याकडे धावलो. फाटकाशी आलो, तर त्यानं गज घट्ट धरला. बोटं सुटेनात.

“अरे सोड ना! दवाखान्यात नेऊन राहिलो तुला!”

“नका नेऊ, बाबूजी,” तो म्हणाला. “भावाचं मरण तर वाचायचं राहिलंच. माझं तरी वाचा.”