थेंबात आलेले

रविवारी सकाळी जर्मनीतल्या प्ल्योन गावच्या बेकरीत रांग लागली होती. गेशेआजींच्या पुढे जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेतली दोघं उभी होती, आणि आजींचे कान अजून शाबूत होते.

"त्यार्क, आज पाव माझ्याकडून. माझा प्रयोग तुझ्यामुळे वाचला."

"मी काय केलं, विब्के? रोजच्यासारखा जुन्या नळीतला एक थेंब नव्या नळीत टाकला, बाकीचं ओतून दिलं."

"त्या नळीतलं थोडंसं यीस्ट बदललं होतं रे. स्वतः राबून साखर फोडायचं आणि शेजाऱ्यांनाही खाऊ घालायचं. बाकीचे सगळे आयतोबा. गणित म्हणत होतं, हे दानशूर टिकायचे नाहीत."

"इतर नळ्यांत नाहीच टिकले."

"या नळीत टिकले, कारण तुझ्या थेंबात नेमके तेच जास्त आले. आता नळीभर तेच आहेत!"

"म्हणजे नशीब. मग आभार त्याचे मान."

"नशीब काय पाव खातं? त्या रविवारी गावी आई पडली, मी हुसुमला तिच्याकडे पळाले, आणि तू सुट्टी सोडून आलास. ते कुठल्या गणितात बसतं?"

"पुरे गं, लोक ऐकतायत."

"दालचिनीचे पाव दोनच उरलेत," बेकरीवाली म्हणाली.

त्यार्क मागे वळला. "आजी, तुम्हाला काय हवं होतं?"

"तेच. पण असू दे रे."

"छे, एक तुम्ही घ्या. दुसरा आम्ही अर्धा अर्धा खाऊ."

"दानशूर कुठला!" विब्के हसली.

आजींनी पाव पिशवीत ठेवला.

"माझं भाग्य बाई. आज तुमच्या थेंबात आले."