रविवारचे पाहुणे

कळवणहून नाशिकला निघालेल्या एसटीत विमलाबाईंच्या पुढच्या सीटवर एक बहीण-भाऊ बसले होते. गाडी सुटल्यापासून दोघांची दबक्या आवाजात जुंपली होती. विमलाबाईंना शब्दन्‌शब्द ऐकू येत होता.

"ताई, तुला दवाखान्याच्या मेळाव्यात बोलायचं तर नाशकात बोल. आपल्या कळवणात नको."

"नाशकात मला कोण ओळखतं, संतोष? कळवणातल्या बाया ओळखतात, म्हणून तिथंच बोलायचं."

"काय सांगणार त्यांना?"

"जे झालं ते. कानात आवाज यायचे, दोन महिने दवाखान्यात होते. अजून गोळ्या चालू आहेत आणि अंगणवाडीही मीच चालवते."

"पैसे मिळणारेत का त्याचे?"

"नाही. मी होऊन नाव दिलंय."

"आणि रविवारी वेदिकाला बघायला पाहुणे येतायत, त्यांच्या कानावर गेलं म्हणजे?"

"गेलंय. काल मीच फोन करून सांगितलं."

"ताई! काय म्हणाले?"

"विचार करून कळवतो म्हणाले."

"संपलं! धाकट्या बहिणीचं जमत आलेलं लग्न मोडलंस तू. आता तिला कोणत्या तोंडानं सांगू?"

"फोन तिनंच लावून दिला."

संतोषनं तोंड खिडकीकडे फिरवलं. मग विमलाबाई पुढं वाकल्या.

"बाई, कधी हाय तुमचं ते बोलणं?"

संतोष गर्रकन मागं वळला. "तुम्हाला काय करायचंय, मावशी?"

"लेकीला घेऊन येते," विमलाबाई म्हणाल्या. "तिलाबी येतात आवाज."