पाठ फिरवल्याचा कागद

आता परत पयल्यापासून सांगू? अरे रघू, पंचायतीचा शिपाई तू, सव्वीस जानेवारीला माळावर खुर्च्या तूच मांडल्यास, सगळं तुझ्या डोळ्यांदेखत झालं — आन् तरी मीच तोंड झिजवायचं? बस तिकडं. चहा येतोय. कागद नंतर काढ. तुमचा तो कागद, काय लिवलंय त्यात — ‘कोंडू यांच्याकडून सवयीने, नकळत मान्यवरांकडे पाठ झाली, त्याबद्दल माफी असावी’. खाली सही केली की माझं विमान पंचायतीच्या कपाटातून सुटणार. विमान काय मोकाट म्हैस हाय, कोंडवाड्यात घालायला?

तर ऐक. सवय म्हणजे काय, ते त्या ग्रामसेवकाला नाय कळायचं, त्यानं कधी नांगर नाय धरला. हातात रिमोट असतो, त्याची दांडी उजवीकडं ढकलली की विमान उजवीकडं जातं — कधी? तुझ्यापासून लांब जात असंल तेव्हा. तेच तुझ्याकडं तोंड करून येयाला लागलं की सगळं उलटं दिसतं, उजवं ढकललंस तर ते तुझ्या डाव्या हाताला पळतं. मुंबईची पोरं येतात ना सिद्धगडाच्या पायथ्याला उडवायला, ती म्हणतात, डोक्यात उलटं करायचं काका. मी कशाला उलटं करू? चाळीस वर्षं बैलांच्या मागं चाललोय. बैल मागनं हाकतात, समोर उभं राहून कोण हाकतो? म्हणून विमान माझ्याकडं वळलं की मीच वळायचो — पाठ त्याच्याकडं, मान खांद्यावरनं मागं. म्हणजे ते न् मी एकाच अंगाला तोंड करून. झालं, डावं ते डावं. हसू नको. त्या पोरांनी पण हसून घेतलं, आन् मंग त्यांची दोन विमानं पडली, माझं नाय पडलं.

माझंच ते. कुणाचं म्हणतोस? आमच्या जावयानं, शेखरनं आणलंवतं ते खोक्यातलं तयार होतं, फोमचं, दुसऱ्या रविवारी आंब्यात घुसवलंन. मंग कंटाळला. त्यातली मोटर न् बॅटरी तेवढी घेतली मी, बाकी सगळं पांगाऱ्याचं — त्या मुंबईवाल्यांना हलकं लाकूड परदेशातनं मागवायला लागतं, माझ्या बांधावर उभं हाय — पंखांत बांबूच्या कामट्या, वर प्लास्टिकचा कागद, कवितानं माहेरपणाला आली तेव्हा इस्त्री फिरवून बसवून दिला. सात महिने. कोलांटी मारतं, उताणं उडतं, उताणं असताना पण सरळ रेघेत. आमची म्हातारी म्हणायची, तुमच्या वयाची माणसं भजनाला जातात.

तर मांडव होता उगवतीला, डोंगर मावळतीला, मी मधी. विमान मांडवाच्या अंगानं माझ्याकडं आलं की मी डोंगराकडं वळायचो. पाठ मांडवाला. आता तिथं सरपंचीणबाईचा नवरा बसलेला, त्याला मी काय करू? आन् तो कोण रे? निवडून आली ती बाई. बाई तर टाळ्या वाजवीत होती. माफी मागायची तर नवऱ्याची कशी मागू, त्याचं नाव कोणत्या शिक्क्यात हाय?

काय? भाषणाच्या वेळी सारखीच पाठ होती? कोण म्हणतं — पाच मिनिटं? असंल. बॅटरी तेवढीच चालते. विमान कुठं होतं म्हणजे… डोंगराकडनं येत होतं.

बघतोस काय असा? कळलं तुला. हुशार हाईस, उगाच शिपाई झालास. डोंगराकडनं येत होतं तर माझं तोंड मांडवाकडं पायजे होतं, सवयीपरमानं. नाय केलं. डोक्यात उलटं करून उडवलं, त्या मुंबईच्या पोरांसारखं, आयुष्यात पयल्यांदा — दोन कोलांट्या, एक फेरी उताणी, न् उतरवलं. एक ओरखडा नाय. पण मान नाय वळवली. वळलो असतो तर बघायला लागलं असतं. कर्ण्यातनं ऐकू येत होतं ते काय कमी होतं? ‘हे विमान मी बनवलं, सासरे नुसते हौसेनं उडवतात.’ आन् शाल घातली. माझं विमान आभाळात, न् खाली त्याच्या खांद्यावर शाल.

नाय, त्याला नाय बोललो. जावयाला बोलतात व्हय? पुढच्या रविवारी आला, दोन वेळा रस्सा मागून घेतलान, भाकरी मोजल्या नायत आमी. म्हणाला, मामा, पंचायतीशी वाकडं नको, सही करून टाका. मान खाली घालून कविता वाढत होती. तिला सगळं ठाव हाय. कागद तिच्याच हातचा ना पंखांवर.

ने तो कागद. नकळत म्हणे. नकळत काय नव्हतं त्यात, मी खोट्यावर सही नाय करायचा. राहू दे विमान कपाटात, बांधावर अजून एक पांगारा हाय. चहा पी न् नीघ. तिकडं सांग, म्हातारा आडमुठा हाय, ऐकत नाय. माझी माफी कुणी मागायची राहिलीय ते मात्र नको सांगू, पोरीला त्या घरात नांदायचंय. तुला म्हणून सांगतो — सरपंचीणबाई नाय, तिचा नवरा नाय. शेखर.