गोकुळदासाचा पुढचा ब्रेक

नाही, पण मी म्हणतो, गाडीला दोन ब्रेक देतात ते काय दृष्ट लागू नये म्हणून? एक पायाशी, एक हाताशी, सरळ गोष्ट आहे! पण हे आमच्या शेजारच्या गोकुळदासाला सांगायला जा तुम्ही… जाच एकदा! गोव्यातल्या आमच्या मये गावचा सभ्य माणूस, खाणीवर टाइमकीपर, कुणी जरा उशिरा आला की चष्म्यावरून असा बघणार की त्या बिचाऱ्याला परत घरी जावंसं वाटावं. इतका शिस्तीचा! आणि मोटारसायकल चालवायचा ती एका ब्रेकवर. हँडलला पुढच्या ब्रेकचा लिव्हर होता हो, पण शोभेला! खालची केबलच काढून टाकलेली, आणि तुम्हाला सांगतो, त्या केबलीने कोंबड्यांच्या खुराड्याचं दार बांधलं होतं! कोंबड्यांना ब्रेक आहे, गाडीला नाही!

का? तर बापाचा हुकूम. "फुडलो ब्रेक धरचो न्हय!"

बाप म्हणजे सदाशिव. पोर्तुगीज गेले आणि थोड्याच वर्षांत ह्या सदाशिवाने हीच दोन सायलेन्सरांची गाडी घरी आणली, गाव नुसतं बघायला लोटलं. मग कुणाच्या तरी लग्नात वऱ्हाडापुढे ऐटीत निघालाय, धोतराचा सोगा खिशात, मान ताठ… वळणावर समोर रेडा! ह्याने हातातला ब्रेक आवळला करकचून, चाकाखाली वाळू, आणि गडी हँडलवरून उडाला तो थेट वाजंत्र्यांच्या ढोलावर! आता चूक कुणाची? वळणाची, वाळूची, ऐटीची… पण हा उठला, धोतर सावरलं आणि सगळ्या वऱ्हाडासमोर जाहीर केलं, "फुडलो ब्रेक धरचो न्हय! उपडो घालता तो!" झालं! सोमवारी घरात मासे शिजत नाहीत ना, तसा तो त्या घराण्याचा नियमच झाला. आणि माणसं मरताना काय सांगतात हो? आईला बघ, नारळांची बाग बघ, देवाचा दिवा विझू देऊ नको… हा म्हातारा गोकुळदासाचा हात धरून म्हणाला, "पुता… फुडलो ब्रेक…" आणि गेला! पुढे बोललाच नाही! आता तो 'धर' म्हणणार होता की 'धरू नको' म्हणणार होता, कुणाला ठाऊक? पण पोराने जो घ्यायचा तो अर्थ घेतला, आणि रडत रडत मान डोलावली.

मग उतारावर थांबायचा कसा? चपलांनी! मागचा ब्रेक दाबायचा आणि दुसरा पाय रस्त्यावर टेकवून फर्रर्र… डिचोलीच्या बाजारातला चपलावाला ह्याला दिसला की उठून उभा राहायचा!

बरं, एकटा असता तर एक वेळ सोडून दिलं असतं. पण मागे बायको बसायची हो! शेवंती, कारापूरच्या मराठी शाळेत बाई. रोज सकाळी ती मागे, मांडीवर पिशवी, आणि रस्त्यावर समोरून मागून खाणीचे ट्रक, लाल धूळ, कोण कुठे थांबेल त्याचा नेम नाही. ते घटकराज्याचं वर्ष, गोवाभर कोकणी की मराठी म्हणून वाद चाललेला, चहाच्या दुकानात माणसं बशी आपटत होती, आणि ह्या घरात वाद एकच: ब्रेक! ती म्हणायची, "ब्रेक करून घेयात." तो म्हणायचा, "बाबान सांगलां…" आणि पुढचं ती स्वतःच म्हणायची, "आयकलां! फुडलो ब्रेक धरचो न्हय!"

एक दिवस उतारावर पुढचा ट्रक थांबला. ह्याने पाय दाबला, चप्पल घासली, चप्पल तुटली, आणि गाडी ट्रकच्या फळीपासून एवढ्याशा अंतरावर उभी राहिली, एवढ्याशा! शेवंती उतरली. आरडाओरडा नाही, काही नाही. पदर झटकला आणि म्हणाली, "शाळेतल्या भुरग्यांक हांव जाय. म्हजो हार घाल्लेलो फोटो नाका." पोरांना बाई जिवंत हवी, हार घातलेला फोटो नको! आणि चालत निघाली!

दुसऱ्या दिवसापासून तिने पायलट धरला. पायलट म्हणजे विमानाचा नव्हे हो, आमच्याकडे भाड्याने मोटारसायकलीवर बसवून नेतात त्यांना पायलट म्हणतात. आता विचार करा तुम्ही! नवऱ्याची गाडी अंगणात उभी, नवरा खिडकीत उभा, आणि बायको पैसे मोजून दुसऱ्याच्या मागे बसून चालली! पाव घालायला आलेला पदेर विचारतोय, "गोकुळदास, घरा सगळें बरें मरे?" देवळात विचारतात, खाणीवर विचारतात. हा काय सांगणार? की बाप आडवा आलाय? माणूस वाळला हो. रात्री जेवताना ती समोर वाढायची, बोलायची, सगळं करायची… पण सकाळी मागे बसायची नाही. आणि त्याला तेवढंच हवं होतं. खरं सांगतो, त्या गाडीवरची मागची रिकामी सीट त्याला बघवत नव्हती.

शेवटी ठरवलं, ब्रेक करायचा! मग करावा ना सरळ मेकॅनिककडे जाऊन? छे! मेलेल्या बापाला दिलेला शब्द, तो मोडायचा तर देवाचा कौल नको? गेला देवळात! सगुण गुरवाने देवाला पाकळ्या लावल्या, उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार, आणि घातलं गाऱ्हाणं, "हे देवा म्हाराजाऽऽ, ह्या तुज्या लेकरान गाडयेक फुडलो ब्रेक बसोवचो, असो तुजो हुकूम आसल्यार उजवी दी, ना जाल्यार डावी दी म्हाराजाऽऽ!" आणि पाकळी? हलेना! दमट हवा, चिकटून बसली ती बसलीच! गोकुळदास हात जोडून उभा, घाम टिपतोय, एका डोळ्याने उजवीकडे, एका डोळ्याने डावीकडे… गुरवाला जांभया! जन्मात पहिल्यांदा टाइमकीपर कामावर उशिरा जाणार! आणि मग, टप… उजवी! अहो, हा माणूस देवळात असा रडला की बाहेरून बघणाऱ्याला वाटलं ह्याला सरकारी नोकरी लागली.

तिथून तडक डिचोलीला, मधुकर मेकॅनिककडे. मधुकरने पुढचं चाक काढलं, ड्रम उघडला, आणि डोक्याला हात लावला. "गोकुळदास, हांगा ब्रेक खंय आसा? हांगा खाण आसा!" आत लाल मातीची थप्पी! एका कोपऱ्यात कुंभारमाशीने घर केलेलं! ब्रेक शूचं लायनर पापडासारखं, हात लावला की तुकडा. ज्याने शू उघडतात तो कॅम असा गंजलेला की हातोडीलाही दाद देईना. मग काय, रॉकेलमध्ये सगळं भिजवलं, ड्रम म्हापशाला लेथवर घासून आणला, शूंना नवं लायनर मारलं, स्प्रिंगा नव्या, केबल नवी… आणि गोकुळदास बाजूला स्टुलावर बसून बघतोय, जणू घरातलं माणूस आत ऑपरेशनला घातलंय! चाक बसवलं, नट सारखा केला, मधुकर म्हणाला, "आतां धरून पळय." हा म्हणाला, "तूंच धर." मधुकरने गाडी डिचोलीच्या बाजारात फिरवून आणली, पुढचा ब्रेक धरला, गाडी जागच्या जागी उभी! तालुक्यात असा ब्रेक नव्हता, तुम्हाला सांगतो!

शेवंतीने बघितलं. अंगणात स्वतः लिव्हर दाबून, चाक ढकलून बघितलं. आणि सकाळी पायलटला परत पाठवून मागे बसली. गोकुळदासाचा चेहरा काय सांगू… लग्नातसुद्धा एवढा हसला नव्हता!

आणि संध्याकाळी शाळेतून परत येताना तोच उतार, पुढे ट्रक, आणि ट्रक थांबला. ह्याचा हात लिव्हरवर गेला. बोटं टेकली! नुसतं आवळायचं होतं हो… आणि नाही आवळलं! पाय दाबला, चप्पल फर्रर्र, हँडल वळवलं, आणि दोघंही रस्त्याकडेच्या खाणीच्या चिखलात! लागलं फार नाही, तिचं कोपर सोललं, त्याचा गुडघा. पण शेवंतीची पांढरी साडी अशी लाल झाली की ट्रक ड्रायव्हर खाली उतरून बोंबलायलाच लागला!

ती चिखलात बसूनच विचारतेय, "धरलो कित्याक ना?"

आणि हा काय म्हणाला? ऐका हं! "देवान बसोवपाचो कौल दिला गो… धरपाचो विचारूंकच ना!"

आहे का! ब्रेक बसवायची परवानगी घेतली, दाबायची घ्यायची राहिली! ट्रक ड्रायव्हरने कपाळ बडवलं. ऐकताना मला वाटलं, आता ही बाई ह्याला तिथेच पुरणार. पण तिने त्याच्याकडे नीट बघितलं, तर हा आपल्या उजव्या हाताकडे बघत होता. म्हणाला, "हात गेल्लो गो. पूण बाबाची हाक आयकली… 'पुता' म्हणून." आणि लहान पोरासारखा रडायला लागला, हा चष्म्यावरून बघणारा माणूस! तिलाही रडू आलं. चिखलाच्या हाताने तिने त्याचा चष्मा पुसला, म्हणजे आणखी भरवला, आणि म्हणाली, "बाबा आतां नात. तुज्या पाटल्यान हांव आसां."

पुन्हा कौल? नाव काढू नका! तिने स्वतःच तोड काढली. मागे बसते, पुढचा रस्ता बघते, आणि थांबायची वेळ आली की ह्याच्या कमरेला असा चिमटा काढते की त्याचा हात आपोआप आवळतो आणि गाडी उभी! कमरेवर काळेनिळे डाग, पण माणूस खूश! वर मलाच समजावतो, "बाबाक दिल्लो शब्द मोडूंक ना हां. हांवें खंय धरलो? तिणें धरलो."

आता बोला! सगळं सुरळीत चाललंय म्हणायचं… तर एक दिवस बघतो, गोकुळदास सकाळी बसस्टॉपवर, डबा हातात, तोंड एवढंसं. शेवंती पेडण्याला गेलेली, भावाकडे, कुळारा. आमच्याकडे माहेराला कुळार म्हणतात. मी विचारलं, "काय रे, बसने? गाडी बिघडली की काय?"

"ना मरे," म्हणाला, "गाडी एकदम बरी आसा. ब्रेक कुळारा गेलो."