ड्रायव्हर बसेपर्यंत

हॅलो? … हो, मीच. दुसरं कोण असणार इथं? … नाही गं, चिडले नाहीये. बोल. … नाही, अजून तसंच आहे. खालच्या कोपऱ्यात तो गोल आणि त्यावर फुली. वायफायचं चिन्हच नाही.

… अगं, वायफाय आहे घरात! त्या डबीचे दिवे लागलेत, माझ्या फोनवर नेट येतंय. तुझ्या या लॅपटॉपलाच तेवढं दिसत नाही. … हो, तुझाच म्हणणार. ताईला तूच दिलास, तूच फॉरमॅट मारलास.

… बरं, राहू दे ते. हे बघ, दहा वाजून दहा मिनिटं झालीत. अकराला आईला बोलणं शिकवणाऱ्या बाई येणार स्क्रीनवर. तू फॉरमॅट मारल्यापासून तीन वेळा चुकलंय. आज चुकलं तर तुमची वेळ दुसऱ्या पेशंटला देते म्हणाल्या. त्यांचं तरी काय चुकलं? रांग लागलीये तिथं.

… फोनवर करून पाहिलं गं. बाई चित्र दाखवतात, कप दाखवतात, कात्री दाखवतात. त्या झटक्यापासून आईला उजवीकडचं दिसत नाही, त्यात एवढासा पडदा. ती आपली माझ्या अंगठ्याकडे बघत बसते. … केबलनं फोनचं नेट? तेही केलं. केबल सैल आहे, दर पाच मिनिटांनी तुटतं. आणि जाड तारेचं जे भोक आहे ना मागे, ते तू कॉलेजात असतानाच मोडलेलं. आठव.

… हो, हो… सांग. कुठं दाबू? … उजवं बटण, स्टार्टवर. … थांब, हळू. मला चष्मा… हां. डिव्हाइस मॅनेजर. उघडलं. … बापरे, केवढी यादी. … पिवळा त्रिकोण? आहेत ना, तीन आहेत. … 'नेटवर्क कंट्रोलर', हो, त्याच्यावर आहे. म्हणजे काय झालं? … म्हणजे यंत्र आत आहे, पण ते कसं चालवायचं हे कॉम्प्युटरला सांगणारा ड्रायव्हर उडालाय. असं होय. असं सांग की मग.

… नाही, काल मी स्वतः शोधलं होतं. 'सगळे ड्रायव्हर एका क्लिकमध्ये' असं लिहिलं होतं. … हो, फोनवरून उतरवून यात टाकलं. … अगं, ओरडतेस काय? मला काय माहीत! आता उघडलं की लाल पाटी येते, सतरा धोके आहेत म्हणून. … काढते. नंतर काढते. आधी हे.

एक मिनिट हं. … बघते, आई! … नाही, काही नाही, उशी सरकली होती. आज तिला लवकर आवरून बसवलंय. टेबलाशी, खुर्चीत, माझ्या शेजारीच. निळा गाऊन घातलाय. केस विंचरून घेतले स्वतःहून. बाईंसमोर बसायचं म्हटलं की डोक्याकडे हात नेते.

… हां, बोल. प्रॉपर्टीज. … डीटेल्स. … हार्डवेअर आयडी. आला. ही अक्षरांची माळच आहे. … सगळी वाचू? … बरं, व्हीईएनच्या पुढची चार. लिहून घे. सात… बी, बी गं, बॉलमधला… तीन, शून्य. … डीईव्हीच्या पुढे चार, चार, दोन, एक. … नाही, एक. एक! … हो. शोध तू तिकडं. खाली चिकटवलेल्या कागदावर काही वाचता येत नाही, तुझ्या मांडीवर घासून घासून गेलंय सगळं.

… मिळाला? … काल पाठवलेली फाइल चालली नाही, सांगितलं की. 'या कॉम्प्युटरसाठी नाही' असं आलं. … बत्तीस बिटचा की चौसष्टचा? ते कुठं दिसतं? … सिस्टीममध्ये. … थांब. … बत्तीस. … अगं, मग काल विचारायचंस ना! काल पूर्ण दुपार गेली माझी. आई खुर्चीत पेंगत बसली होती, शेवटी उचलून झोपवलं.

… पाठवलीस? … हां, आली फोनवर. आता? … केबल लावते. पण केबल हातानं दाबून धरावी लागते, मग फोन कानाला कसा लावू? स्पीकरवर टाकते. … हॅलो, येतंय ऐकू? … मलाही येतंय. आईपण बघतेय तुझ्या आवाजाकडे.

… 'फक्त चार्जिंग' म्हणतोय. … हां, फाइल ट्रान्सफर. केलं. … दिसला फोन. डाउनलोड… हीच ना, पिशवीला चेन लावल्यासारखं चित्र? … डेस्कटॉपवर टाकली. … उजवं बटण, एक्स्ट्रॅक्ट. … हो, उघडली पिशवी. आत सतराशे साठ फाइली आहेत. … सेटअप. … सेटअप… सापडली. दाबलं. … 'परवानगी देता का?' देते बाई, देते. … हिरवी पट्टी सरकतेय. दहा टक्के. … वीस. … चाललंय वाटतं गं! तीस.

… हो, मी आहे इथंच. बोल ना. … काय सांगायचं होतं?

… अगंबाई. कधी कळलं? … बढती! अभिनंदन. … अभिनंदनच म्हणाले की, आवाज काय वेगळा? … म्हणजे? … वीस तारखेला नाही? … मग कधी? … 'बघू' म्हणजे कधी? … अगं, पण आपलं ठरलं होतं…

थांब. थांब, बोलू नकोस. … बोलू नकोस म्हणते ना!

… स्पीकर चालू आहे गं.

… हो. सगळं ऐकलं. माझ्या शेजारीच बसलीये, सांगितलं नव्हतं का तुला?

… नाही. रडत नाहीये. … काही नाही केलं तिनं. 'बरं' म्हणाली.

… हो, म्हणाली. चांगला स्वच्छ उच्चार. तुझं सगळं बोलणं ऐकून घेतलं, टेबलाकडे बघितलं आणि म्हणाली, बरं. नवा आहे. याआधी कधी आला नव्हता हा शब्द. माझ्याच तोंडचा असणार. दिवसभर दुसरं काय ऐकते ती माझ्याकडून?

… काढते स्पीकर. पट्टी झालीये पूर्ण, केबलही काढते. … हां, आता कानाला आहे. … 'रीस्टार्ट करू का?' विचारतंय. … केलं. चार-पाच मिनिटं घेतं हा. म्हातारा झालाय.

बाहेर गॅलरीत आले मी. बोल आता.

… नाही, तू ऐक. ऐक ना! एक तारखेला माझी रजा संपते. चार महिने बिनपगारी दिली त्यांनी. लॅबमध्ये माझ्या जागी दुसरी रक्त काढतेय. साहेबांना मी सोमवारी सांगितलंय, येते म्हणून. का सांगितलं? धाकटी बहीण वीसला येतेय, दोन महिने राहणार, मी एकला हजर होते. हे असं सांगितलं मी. त्यांनी वहीत लिहून घेतलं माझ्यासमोर.

… मला कळतं तुझी अडचण. मुलांच्या परीक्षा, नवऱ्याचा दौरा, आता ही नवी खुर्ची. सगळं कळतं. तुझ्या अडचणी मला कळतात आणि माझ्या तुला कळवाव्या लागतात, एवढाच काय तो फरक.

… तीन दिवस आली होतीस. त्यातले दोन या लॅपटॉपपुढे बसलीस. 'ताई, किती हळू चालतो गं हा, मी फास्ट करून देते.' आई मागून बघत होती तुझ्या पाठीकडे.

… हो, विचारलं होतंस. मान्य. मी आईला अंघोळ घालत होते, तू दाराबाहेरून ओरडलीस, यातलं काही ठेवायचं आहे का? आणि मी म्हटलं, काही नाही, उडव सगळं. माझे हात साबणाचे होते, ती घसरत होती. मी म्हटलं, उडव. माझीच चूक.

… काय होतं म्हणजे? यादी होती. आईच्या शब्दांची. कुठल्या दिवशी कोणता आला, कशाला उद्देशून म्हणाली. दर शनिवारी बाईंना पाठवायची. एक्केचाळीस शब्द होते. बाईंना पाठवलेलं त्यांच्याकडे असेल थोडंफार. … नाही सांगितलं तुला. सांगून काय करणार होतीस?

… विचारतेसच तर ऐक. पहिला शब्द तुझं नाव होतं. … हो, तुझं. हॉस्पिटलमधून आणल्यावर नवव्या दिवशी. मी नखं कापत होते तिची. माझ्याकडे बघून म्हणाली. … नाही, तुझी आठवण काढून नव्हे. मलाच. मलाच हाक मारते त्या नावानं, तीन महिने झाले. बाई म्हणाल्या, दुरुस्त करा, प्रत्येक वेळी स्वतःचं नाव सांगा. पहिले आठ दिवस सांगितलं. मग सोडून दिलं. तुझ्या नावानं हाक आली की उठते.

… रडू नकोस गं. … नको म्हणते ना. मला तुला रडवायचं नव्हतं. … म्हणजे, होतं थोडं. खोटं कशाला बोलू.

थांब, आत वाजलं काहीतरी. चालू झाला वाटतं. … आत जाते. … हो. … अगं, आलं! पंख्यासारखं चिन्ह आलं! शेजारपाजारच्यांची सगळी नावं दिसतायत. आपलं… हे. पासवर्ड डबीच्या पोटावर आहे, थांब, उलटी करते. … आठ, के, मोठा एस… … लागलं. 'कनेक्टेड' म्हणतंय. दहा छप्पन्न.

… हो, तुझ्यामुळे झालं. त्याला मी नाही म्हणत नाही. मला काही हे जमलं नसतं.

… काय? … रोज? संध्याकाळी तासभर, व्हिडिओवर? … म्हणजे आता वायफाय लागलंय, तर तू तिकडून बसणार आईजवळ आणि मी जायचं कामावर? … नाही, मला नीट समजू दे. दुपारी तिला बाथरूमला न्यायचं असतं. तू स्क्रीनमधून बाहेर येणार आहेस का? पातळ करून भरवायचं, घशात अडकलं तर पाठ थोपटायची. तिकडून थोपटशील?

… 'ताई, काहीतरी मार्ग निघेल.' निघेल ना. साहेबांना मी आज दुपारी फोन करीन, येत नाही म्हणून. तो मार्ग निघालेलाच आहे. … नाही, दिवसभराची बाई ठेवून पाहिली. दोघी ठेवल्या. आई दात आवळून बसते, पाणीसुद्धा घेत नाही. पुढं बघीन परत. आता नाही माझ्यात जोर.

एक मिनिट. आई हात पुढे करतेय. … फोन मागतेय. … हो, तुझ्याशीच. कानाला लावते तिच्या, तू बोल. आणि सावकाश बोल.

…

…

हॅलो? हं, मी. तिनं दिला परत. … काय म्हणालीस तिला? … 'लवकर येते.' बरं. आणि तारीख? … तारीख सांगितलीस का? … नाही ना.

… काय करणार! मान हलवली तिनं. माझ्या हातात फोन दिला आणि तोंड स्क्रीनकडे केलं. … हो, आल्या बाई. आवाज नीट येतोय त्यांचा. नमस्कार, बाई! हो, हो, जमलं आज. बसलोय आम्ही. … तुला नाही गं, त्यांना म्हटलं.

… नाही, इथं यायची लिंक नाही पाठवत तुला. … नुसतं बघायलाही नको. आज नको. ती एका जागी लक्ष देते, दोन तोंडं दिसली की गोंधळते.

… रागावले नाहीये. खरंच नाही. तू ऑफिसला जा, उशीर होईल. … हो, खुर्ची नीट आहे, उशी आहे, प्रकाश आहे. सगळं आहे.

… बाई वाट बघतायत गं. ठेवते. आम्हांला काम आहे.