ओल्यावर पहिला हात

त्वचेच्या डॉक्टरांकडे नंबर लावून बसलेल्या शिक्षिकेच्या कानावर शेजारच्या रंगाऱ्याचं आणि त्याच्या बायकोचं बोलणं पडत होतं. रंगाऱ्याचे हात कोपरापर्यंत लालभडक सोलवटले होते.

"डॉक्टर काय म्हणाले होते? आंघोळ झाली की अंग ओलसर असतानाच क्रीम लावायचं."

"ओल्यावर रंगाचा हात मारला की पोपडे सुटतात. तीस वर्षं हेच काम करतोय मी."

"म्हणून दोन तास पंख्याखाली सुकत बसायचं?"

"भिंतीला तर मी आठवडा देतो."

"आणि वर पॉलिश पेपरनं घासायचं?"

"घासल्याशिवाय क्रीम धरणार कसं?"

"अहो, घासून पडलेल्या चिरांमधून वाईट जंतू आत शिरतात, म्हणून तर खाज. क्रीमनं चिरा बुजतात, चांगले जंतू टिकतात."

"चांगले जंतू. उद्या चांगली बुरशी म्हणशील."

"महिना झाला, ब्रश धरवत नाहीये तुम्हाला. भिंतीचं काय सांगताय? भिंतीला कधी खाज सुटते का?"

रंगाऱ्यानं समोरच्या भिंतीकडे पाहिलं.

"सुटत असेल," तो म्हणाला. "बिचारी सांगणार कुणाला?"

मघापासून भिंतीला पाठ टेकून बसलेली शिक्षिका हळूच पुढे सरकली.